दोन वर्षांपासून ओळखणारी व्यक्ती

फॉर्मवर एक रकाना जामीनदाराचा.
तुम्हाला निदान दोन वर्षं ओळखणारी,
स्वतःचा पासपोर्ट असलेली
कुणीही सज्ञान व्यक्ती.

मला हसू आलं.
दोन वर्षं!
इथं लोक मला खोकल्यावरून ओळखतात,
दोरीवरच्या चादरींवरून,
दाट धुक्यातही कुणाची बोट आली
ते इंजिनाच्या ठसक्यावरून सांगतात.

पण पासपोर्ट?
पाद्रीबाबा दर दुसऱ्या रविवारी फेरीबोटीनं येतात,
त्यांचा संपून तीन वर्षं झाली.
दुकानवाल्या लेअँडरकडे बंदुकीचा परवाना आहे,
कॉड धरायचा जुना परवानाही, काचेत लावलेला.
"मासे कुठं पासपोर्ट दाखवतात?" म्हणाला,
आणि माझी मिठाची पिशवी बांधायला लागला.

उरली ईनिड डर्नफर्ड.
दर मार्चमध्ये बहिणीकडे बॉस्टनला जाते.
माझ्या खिडकीतून तिचं धुराडं दिसतं.
नऊ वर्षं मी धूर बघून
तिची खुशाली घेतेय.

सरकारनं विचारलं होतं, गाव सोडता का?
फेरी बंद करू, दिवे बंद करू,
घरामागं पैसे देऊ.
दहातले नऊ तरी हो म्हणायला हवेत.
एकसष्ट मतं पडली. हो म्हणणारी चोपन्न.
एक कमी.
मतदान गुप्त होतं,
पण एकसष्ट माणसांत काय गुप्त राहतं!
नाही म्हणणारे आम्ही सात जण.
अबोला तिनं एकटीशी धरला.

त्याच फेब्रुवारीत तिचा गार्लंड
स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवा,
आणि धुकं उठल्याशिवाय हेलिकॉप्टर निघणार नव्हतं.
चार दिवस उठलं नाही.
मी पाव भाजून नेला होता.
पायरीवरच राहिला.
पाखरांनी खाल्ला.

आता ॲबर्डीनला माझ्या लेकीला बाळ होणार.
जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर,
तीन आठवडे आत, तीन बाहेर.
ती फोनवर विचारते, आई, फॉर्म भरलास?
गाव सोडणार नाही म्हणणारी मी
गावाबाहेर जायची सही मागायला
मंगळवारी दुपारी तिच्या दारात.

बोलली नाही. बाजूला झाली, एवढंच.
किटली ठेवली. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.
फेरीपलीकडच्या औषधांच्या दुकानात काढलेला फोटो
(हसायचं नाही, दात दिसता कामा नयेत)
तिनं खिडकीच्या उजेडात धरला.
"ही तू नाहीस."
माझ्या पोटात गोळा आला.
"इतका वेळ तोंड मिटून बसलेली तू
मी जन्मात पाहिलेली नाहीस."

मग फोटो उलटा केला,
खाली वर्तमानपत्राची घडी, पेन फार न दाबता:
ही ड्रुसिला स्किनर हिचीच खरी छबी आहे,
असं मी प्रमाणित करते.
सही.
अक्षरांवर फुंकर घालत राहिली बराच वेळ,
बॉलपेनची शाई कुठं ओली असते तरी.

पुढं विचारलं होतं,
अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता?
तिनं बोटं मोजली नाहीत.
अठ्ठावन्न, असं लिहिलं.
नऊ वजा केली नाहीत.

चहा झाला. बाकावर मांजर झोपलं होतं.
गार्लंडबद्दल जे बोलायचं ते
मी वाटेत दोनदा पाठ केलं होतं.
"फेरी साडेतीनला सुटते," ती म्हणाली,
"पाकीट आजच टाक."

सहाव्या आठवड्यात पासपोर्ट आला.
गडद निळा, पानं कोरी करकरीत.
फोटो त्यांनी आत छापलाय, पातळ, राखाडी.
मागची बाजू कुठंच नाही.
मी ते पान दिव्यासमोर धरून बघितलं,
तरीही.